आरमोरीचे विद्यार्थी व गावकऱ्यांचे कर्तव्य

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे गावोगावी पेढे वाटले जातात, गुणवंतांचे सत्कार होतात आणि वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे झळकतात. आम्हीही ती छापतो व त्यात आनंदच मानतो. परंतु ज्यांच्या गळ्यात हे हार पडले, त्यांपैकी किती मुलेमुली दोन वर्षांनी महाविद्यालयात दिसतात व पाच वर्षांनी कोणत्या कामावर असतात, ह्याची चौकशी सत्कार करणाऱ्या मंडळींनी कधी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वैनगंगेच्या काठच्या आरमोरी तालुक्यापुरता तरी हा प्रश्न आता उघडपणे विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

शिक्षणाची सोयच नाही, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. १९८२ साली चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले व नागपूरची वारी बरीच वाचली. २०२४ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. खुद्द आरमोरीत कला, विज्ञान व वाणिज्य ह्या तिन्ही शाखा शिकविल्या जातात. शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्' योजना आहे. मुलींसाठी मानव विकासच्या गाड्या धावतात. मग अडते कोठे? अडते ते शाळेचे दार सुटल्यापासून महाविद्यालयाचे दार लागेपर्यंतच्या वाटेवर. ह्या वाटेवर मुलाचा हात धरणारे कोणी नसते, कारण बहुतेक घरांत ती वाट पूर्वी कोणी चाललेलेच नाही.

प्रथम पंचांगाचीच गोष्ट घ्या. शाळेचे पंचांग आणि रानाचे पंचांग ह्यांचा मेळ बसत नाही. दहावीचे पेपर चालू असतात त्याच सुमारास मोहफुले गळू लागतात व पहाटेपासून अख्खे घर टोपल्या घेऊन रानात जाते. कित्येक कुटुंबे त्याआधीच मिरची तोडण्यास तेलंगणात गेलेली असतात. घरी परीक्षार्थी मुलगी, धाकटी भावंडे आणि म्हातारी आजी. मे महिन्यात वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा येते, तोच तेंदूपत्त्याचा हंगाम, आणि वर्षाची रोख रक्कम हाती येण्याचे हेच दिवस. पुढे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात तेव्हा धानाची रोवणी ऐन भरात असते. त्यात वैनगंगा व गाढवी ह्या नद्यांनी मनावर घेतले, म्हणजे रस्ताच बंद! ऑगस्ट २०२० च्या महापुराची आठवण नदीकाठच्या कोणत्याही गावाला करून द्यावी लागणार नाही. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सर्व राज्यभर संगणकावरून होऊ लागला आहे. मुदत मुंबईच्या मुलाला व आरमोरीच्या मुलाला सारखीच. परंतु मुंबईत त्या दिवशी चिखलात कोणी वाकलेले नसते. रस्त्याचे म्हणाल तर २०२२ च्या ऑक्टोबरात वडसाच्या जंगलात वाघ जेरबंद झाला, तेव्हा त्याच्या नावावर १३ मनुष्यांचे बळी होते. अशा मुलखात सायंकाळच्या शिकवणीहून सायकलीने एकटी परत ये, असे मुलीला कोणत्या बापाने सांगावे?

दुसरी अडचण कागदपत्रांची. राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणास जावयाचे तर जातीच्या दाखल्याची पडताळणी लागते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ व इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबाने शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, त्याने आजोबाचा शाळेतील दाखला आणावा! ही विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. उपाय नाही असे नाही. कोतवाल पंजीत जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात, जुन्या जमिनीच्या कागदांत नावे सापडतात. पण हा प्रदेश तेव्हा मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता, हे ठाऊक असलेला माणूस शोधाशोध करावयास पाहिजे. हे काम बारावीच्या निकालानंतर हाती घेतले तर जागा हातची जाते. ते नववीतच आरंभिले पाहिजे, आणि ते पंधरा वर्षांच्या पोराने एकट्याने करावयाचे काम नव्हे.

ह्यावर कोणी म्हणेल की हे सर्व सरकारने करावे. सरकारने करावेच, परंतु महाराष्ट्रात बहुजनांची मुले शिकली ती केवळ सरकारी हुकुमाने शिकली नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली, तेव्हा राजाश्रयाबरोबर त्या त्या समाजातील पुढाऱ्यांवरही भार टाकला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आमच्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस वसतिगृह व पुढे १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था उभारली. गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात वार लावून जेवण्याची जुनी चालही होतीच. तिच्यात जातिभेदाचा दोष मोठा होता व तो आम्ही झाकू इच्छीत नाही. पण परगावचा शिकणारा मुलगा उपाशी राहणे ही गावाची नामुष्की आहे, एवढी जाणीव तीत होती. ती जाणीव आज कोठे गेली?

ती अजून जिवंत आहे ह्याचा दाखलाही आहे. राजू केंद्रे ह्यांनी सुरू केलेली 'एकलव्य' ही संस्था घराण्यात प्रथमच शिकणाऱ्या मुलांना नामांकित विद्यापीठांची वाट दाखविते, आणि त्या वाटेने पुढे गेलेली मुलेच मागच्यांना शिकवितात. ह्यास मोठी इमारत लागत नाही. लागते ती माहिती, आणि मुलाला वेळेवर विचारणारा एक वडीलधारा.

आरमोरीत हे का होऊ नये? पैशाचे निमित्त आम्हांस पटत नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटके लागतात. वडशाच्या कंपन्या बोलावून मंडळे तिकिटे लावतात व हजारो प्रेक्षक रात्रभर थंडीत बसतात. ह्या रंगभूमीचा आम्हांस अभिमान आहे. प्रत्येक मंडळाने हंगामातील एका प्रयोगाची शिल्लक विद्यार्थ्यांच्या नावे ठेवली, तर प्रवेशपरीक्षेचे शुल्क, जाण्यायेण्याचे भाडे व पहिल्या महिन्याची खाणावळ इतके तरी भागेल. खळ्यावरून पायलीभर धान देणे खंडीने पिकविणाऱ्यास जड नाही. तालुक्याचा जो भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तेथील ग्रामपंचायतींना पेसाचा अबंध निधी मिळतो व शिक्षणावर तो खर्च करता येतो. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यांनी बांबू व तेंदूच्या उत्पन्नातून एक ठराविक वाटा ह्या कामी काढावा. मेंढा-लेखा गावाने २००९ साली वनहक्क मिळवून नंतर बांबूचा व्यवहार स्वतः केला. जे गाव जंगलाचा हिशेब ठेवू शकते, त्याला मुलांचा हिशेब ठेवणे अशक्य नाही.

आणखी एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो, की सगळेच पदवीधर होऊन करणार काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. आमच्या मुलांना पोलीसभरती व शिक्षकी ह्यांपलीकडचे व्यवसाय कोणी सांगतच नाही, आणि कशासाठी शिकावयाचे हे न कळता मिळविलेली पदवी भिंतीवर टांगण्यापुरती उरते. परंतु सुरजागडचे लोहखनिज निघत आहे, कोनसरीस कारखाना उभा आहे. तेथे आमची मुले दारावरचे पहारेकरी व्हावयाची की आतले यंत्रज्ञ, हे आज नववीत कोणता विषय कोण समजावून देतो ह्यावर ठरणार आहे. आरमोरीचा कोसा घ्या. ढिवर बांधव ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे पोसतात, विणकर धागा विणतात. आणि कापडाला भाव देणारा, बाजार शोधणारा, किड्यांचा रोग ओळखणारा मात्र बाहेरचा! रेशीमशास्त्र वा हिशेब शिकून कोणी मुलगी ह्याच धंद्यात परत आली, तर तिचे शिक्षण फुकट गेले असे कोण म्हणेल? परिचारिका, वायरमन, वनरक्षक ही कामेही शिकूनच येतात. मुलाचा कल पाहून त्याला मार्ग दाखवावा, सर्वांना एकाच दाराशी गर्दी करावयास लावू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आरंभास फार खटाटोप नको. प्रत्येक शाळेमागे निवृत्त शिक्षक, तलाठ्याच्या कामाची माहिती असलेला एखादा गृहस्थ, बचतगटातील एक भगिनी व बाहेरगावी शिकणारे दोन विद्यार्थी अशी पाच जणांची मंडळी पुरे. नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलामुलीच्या नावापुढे कोणता कागद झाला, कोणता राहिला, कोणती परीक्षा द्यावयाची, हे एका वहीत लिहावे. ज्यांचे आईबाप मिरचीला गेले, त्यांच्या जेवणाची व रात्रीच्या अभ्यासाची सोय परीक्षेपुरती गावात करावी. मुली घरी परततील तेव्हा सोबतीस मोठी माणसे द्यावीत. बाहेर शिकणारी मुले दिवाळीस घरी येतात व धानही त्याच सुमारास खळ्यावर येऊ लागते, तेव्हा पहिली सभा त्या सुटीत भरवावी. जागा शाळेचीच चालेल. वर्गाची किल्ली व रात्री दहापर्यंत दिवा, एवढी परवानगी मुख्याध्यापकांनी द्यावी.