शोकातून साकारलेला ‘मॅग्मा’

गिटारचा कर्कश गजर आणि कंठ फाटेल असा आक्रोश, ही हेवी मेटल संगीताची रूढ ओळख. ‘गोजिरा’ या फ्रेंच रॉक बँडच्या ‘मॅग्मा’ या अल्बमने मात्र तिला छेद दिला. त्यामागे एक कौटुंबिक दुःख आहे.

नैऋत्य फ्रान्समध्ये १९९६ साली स्थापन झालेल्या या बँडचे आधारस्तंभ म्हणजे गायक-गिटारवादक जो आणि ड्रमवादक मारियो हे द्युप्लांतिए बंधू. अमेरिकेत स्थलांतर केल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘सिल्व्हर कॉर्ड’ हा स्वतःचा स्टुडिओ उभारला. भाड्याच्या स्टुडिओत प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. स्वतःच्या जागेत काम थांबवता येते आणि पुन्हा सुरूही करता येते. ही मोकळीक लवकरच कामी आली. अल्बमची जुळवाजुळव सुरू असतानाच त्यांच्या आईला गंभीर आजाराने ग्रासले. काम खंडित झाले. २०१५ मध्ये आईचे निधन झाले.

या आघाताचे पडसाद संगीतात उमटले. रचना आटोपशीर झाल्या, वाद्यांची गुंतागुंत कमी झाली आणि आरोळ्यांच्या जोडीला जोचा स्वच्छ, सुरेल आवाज आला. ‘द शूटिंग स्टार’ हे पहिलेच गीत त्याची साक्ष देते. निर्मितीची धुराही जोनेच वाहिली.

जून २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन लाभले. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात हाच बँड साऱ्या जगाने ऐकला. आक्रोशापेक्षा संयमही तितकाच भेदक असतो, हे ‘मॅग्मा’ने त्याआधीच सिद्ध केले होते.