टॅली, कॅट की जीडीसीए?

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की घरोघरी एकच बेत ठरतो: सीए. फाउंडेशनचा क्लास लागतो, दोन-तीन प्रयत्न होतात आणि पुष्कळ मुलांच्या हाती शेवटी काहीच राहत नाही. फाउंडेशन हा नुसता उंबरठा. इंटरला गेलात तर त्याचा उपयोग. एरवी बायोडेटातल्या त्या ओळीला फारशी किंमत नाही. ज्यांना लवकर कमावतं व्हायचंय, त्यांनी सीएच्या सावलीत झाकले गेलेले हिशेबाचे छोटे अभ्यासक्रम आधी नीट पाहावेत, असं मला मनापासून वाटतं.

टॅली तर शिकावंच. दुकानदार असो की कर सल्लागार, पहिला प्रश्न ‘टॅली येतं का?’ हाच असतो. पण तेवढ्यावर थांबू नये. समजा, पुस्तकातली बँकेची शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक यांत ९०० रुपयांचा फरक निघाला. टॅलीतली तेरीज मात्र जुळलेलीच दिसते, कारण जमा आणि नावे सारखे झाल्याशिवाय ते व्हाउचर घेतच नाही. मुरलेला हिशेबनीस फरकाला ९ ने भागून बघतो. भाग गेला की त्याला आकडे उलटसुलट पडल्याचा संशय येतो, आणि ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिलेला चेक तो थोड्याच वेळात शोधून काढतो. नवशिका ते ९०० रुपये उचंत खात्यात ढकलून मोकळा होतो. ही नजर यायला लेखाकर्म मुळातूनच शिकावं लागतं.

ते शिकवणारा, बारावीनंतर करता येणारा एक चांगला कोर्स म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्सचा ‘सर्टिफिकेट इन अकाउंटिंग टेक्निशियन्स’, म्हणजे कॅट. एमबीएच्या प्रवेशाची कॅट ती वेगळी. ही संस्था १९५९ च्या केंद्रीय कायद्याखाली चालते. कॅटचा पहिला टप्पा पार केला की याच संस्थेच्या सीएमए अभ्यासक्रमाची फाउंडेशन न देता इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. म्हणजे पुढं शिकायचं ठरलं तर आधीची मेहनत वाया जात नाही.

हे करताना बी.कॉम. मात्र सोडू नका. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करायची तर कॉमर्स, कायदा यांसारख्या ठरावीक शाखांची पदवी लागते. आणि मराठी मुलांसाठी मला सर्वांत मोलाची वाटणारी परीक्षा पदवीनंतरच देता येते: जीडीसी अँड ए, सहकार व लेखा पदविका. राज्याचं सहकार खातं ती घेतं. १०० गुणांचे सहा पेपर असतात आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. लेखाशास्त्र आणि लेखापरीक्षणाबरोबर सहकाराचा इतिहास, सहकारी कायदे, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांचा कारभार असा सगळा अभ्यास त्यात येतो.

तिचं महत्त्व महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ मध्ये आहे. पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असेल, तर ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ होता येतं. शासनाच्या नामतालिकेवर नाव लागलं की संस्थांचे हिशेब तपासून अहवालावर स्वतःची सही करता येते. राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत आणि प्रत्येकीचं ऑडिट दरवर्षी व्हावंच लागतं. मराठी येणं ही अट असलेला असा व्यवसाय आपल्या मुलांना माहीत नसावा, याची मला हळहळ वाटते.

अडचण असते ती तीन वर्षांच्या अनुभवाची. त्यासाठी आपल्याच सोसायटीच्या वार्षिक अहवालाला जोडलेला ऑडिट मेमो काढून पाहा. खाली सही कुणाची आहे, सीएची की प्रमाणित लेखापरीक्षकाची, ते बघा आणि त्यांना जाऊन भेटा. मार्च संपला की व्हाउचरच्या फायली त्यांच्याकडे येऊ लागतात, आणि तेव्हा त्यांना हाताखाली माणूस हवाच असतो.