हरणांच्या पोटांतील जंतांचा शोध



घरांतील मूल खाऊनपिऊनहि वाळूं लागलें, म्हणजे आईला जंतांचा संशय येतो आणि डॉक्टर मलाची तपासणी करावयास सांगतो. पाळीव हरणांच्या बाबतींत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. तेथें रोगी बोलत तर नाहींच, पण आपलें दुखणें लपवितो. कळपांत जो दुबळा दिसेल त्यावर श्वापदाची झडप आधीं पडावयाची. म्हणून अशक्तपणा न दाखविण्याची खोड हरणाच्या रक्तांतच आहे.

न्यूझीलंडचें उदाहरण घेऊं. तेथील तांबडीं हरणें मूळचीं नव्हेत. १९ व्या शतकांत इंग्रज वसाहतवाल्यांनीं शिकारीच्या हौसेनें तीं ब्रिटनमधून नेलीं. १९७० पासून त्यांना परवान्यानें कुंपणांत पाळूं लागले. रानांत दूरवर भटकणारें हरीण त्याच त्याच कुरणांत चरूं लागलें, आणि जंतांची आयतीच सोय झाली.

पाडसांचा मुख्य वैरी म्हणजे फुप्फुसांतील जंत. आईपासून तोडलेल्या पाडसांना तिकडच्या शरदांत, म्हणजे मार्च ते मे या महिन्यांत, त्याची विशेष भीति. जंताची मादी श्वासनलिकांत अंडीं घालते. तीं घशाशीं येऊन गिळलीं जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या लेंड्यांवाटे गवतावर पडतात. अशाच जातीच्या जंतांनीं वासरूं खोकून बेजार होतें; हरणाला मात्र खोकला फारसा येत नाहीं. वजन वाढत नाहीं, केस विस्कटतात, पाडस कळपाच्या मागें पडतें. कित्येकदां तर मृत्यु हीच पहिली खूण ठरते.

यावरील परीक्षा अगदीं साधी आहे. ताज्या लेंड्या तलम कापडांत बांधून कोमट पाणी भरलेल्या नरसाळ्यांत ठेवतात. अळ्या वळवळत बाहेर पडतात. परंतु त्यांना वर पोहतां येत नसल्यामुळें त्या तळाशीं जमतात. दुसऱ्या दिवशीं खालचें थोडें पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचें. बेअरमान यानें १९१७ सालीं, त्या वेळच्या डच वसाहतींत, माणसाच्या अंकुशकृमीच्या अळ्या मातींतून वेगळ्या करण्यासाठीं ही युक्ति काढली. लेंड्या ताज्याच हव्यात. जमिनीवर पडून राहिलेल्या लेंड्यांत मातींतील निरुपद्रवी अळ्या शिरतात व परीक्षक फसतो. शिवाय जंत पोटांत गेल्यापासून मलांत अळ्या दिसेपर्यंत तीन-साडेतीन आठवडे जातात. त्या अवधींत फुप्फुसाची हानि चालूच असते. तेव्हां अळ्या दिसल्या नाहींत म्हणजे पाडस निरोगी, असें समजूं नये.

दुसरे जंत पोटाच्या चौथ्या कप्प्यांतले. त्यांचीं अंडीं मिठाच्या दाट पाण्यावर तरंगतात. तीं आंखलेल्या कांचेवर मोजण्याची रीत १९३९ सालीं ऑस्ट्रेलियांत मेंढ्यांसाठीं निघाली. पण हरणांत ही मोजणी दगा देते. पोटांत जंत पुष्कळ असूनहि मलांत अंडीं थोडींच आढळतात. म्हणून मेलेल्या किंवा कत्तलखान्यांत मारलेल्या जनावराचें पोट धुऊन जंत मोजणें हीच खरी भरंवशाची परीक्षा. एकाची साक्ष अशा रीतीनें उरलेल्यांच्या उपयोगीं पडते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सर्वांनाच औषध पाजावें. यांत दोन धोके आहेत. तांब्याच्या अभावानें किंवा आंतड्यांच्या जंतुजन्य रोगांनींहि हरीण असेंच खंगतें. मूळ कारण न ओळखतां जंतांचें औषध देत बसलें, तर पाडस हातचें जातें. दुसरें, वारंवार औषध दिल्यानें त्याला दाद न देणारे जंत तेवढे जगतात व त्यांचाच वंश वाढतो. म्हणून औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां मल तपासून त्याचा गुण आला कीं नाहीं हें पाहतात. तथापि पोटांतील जंतांविषयीं ही तपासणीहि अपुरीच, हें आतां सांगावयास नकोच.

सारांश, एका खुणेवर विसंबून निदान करूं नये. पाडसाचें वय, ऋतु, वजन, लेंड्या आणि मेलेल्या सोबत्याचें पोट, या सर्वांची साक्ष एकत्र घ्यावी. ज्या रोग्याला बोलतां येत नाहीं, त्याच्या वतीनें पुरावा गोळा करणें हें पाळणाऱ्याचें कर्तव्य होय.