खारे की गोडे?

हिंगोलीहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आपली पाण्याशी ओळख सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांची, कालव्याच्या पाळीची आणि उन्हाळ्यातल्या टँकरची. तरीही शिडाच्या नौकेवरचा संसार कसा चालतो हे महानगरातल्या फ्लॅटवाल्यापेक्षा आपल्याकडच्या माणसाला लवकर कळेल असे मला वाटते. टाकीत किती उरले ते बघून अंघोळीचे ठरवायचे आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर काय चालू ठेवायचे याचा हिशेब करायचा, हे शिक्षण आपल्याला घरीच मिळालेले असते.

उदाहरणाला ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या दोन नौका घेऊ. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकूड आणि फायबरग्लास वापरून त्या बांधल्या गेल्या. लांबी सुमारे १७ मीटर. एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. तो २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी पुरा केला. पुढे २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून २५४ दिवसांत जगाला वळसा घालून आल्या. दोंदे नुसते तयार नौकेवर चढले नाहीत; ती बांधली जात असताना ते कारखान्यात राबत होते. माझ्या मते त्यांच्या तयारीतला सर्वांत मोलाचा भाग हाच. भर समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही, म्हणून कोणती वायर कुठून गेली आणि कोणता नट कुठे आहे, हे राहणाऱ्यालाच पाठ असावे लागते.

दिवसाची सुरुवात तळापासून होते. केबिनमधली फळी उचलली की खाली नौकेचा सर्वांत खोलगट भाग दिसतो, त्याला बिल्ज म्हणतात. आत शिरलेला प्रत्येक थेंब शेवटी तिथे जमतो. तिथे पाणी दिसले की जुने नाविक बोट बुडवून चाखतात. गोडे लागले तर पिण्याची टाकी किंवा तिचा पाइप गळतोय. खारे लागले तर समुद्र आत येतोय, आणि मग बाकीची सगळी कामे थांबतात.

समुद्र येतो कुठून? बहुतेक वेळा आपणच पाडलेल्या भोकांतून. इंजिन थंड ठेवायला पाणी आत घ्यावे लागते, मोरीचे आणि संडासाचे बाहेर सोडावे लागते. त्यासाठी नौकेच्या बुडाला भोके असतात. प्रत्येक भोकावर झडप, आणि झडपेशेजारीच दोरीने बांधलेला निमुळता लाकडी बूच. झडप तुटली तर शोधाशोध न करता तो ठोकून बसवायचा. झडपा वरचेवर उघडझाप करून मोकळ्या ठेवाव्या लागतात. तशाच राहू दिल्या तर अडकतात, आपल्या शेतातल्या पाइपलाइनच्या व्हॉल्व्हसारख्या.

दुसरा शत्रू मीठ. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांची बॅटरी बनते आणि त्यातला एक हळूहळू विरघळतो. हे टाळता येत नाही, पण कोणी विरघळायचे ते ठरवता येते. म्हणून नौका ढकलणाऱ्या इंजिनच्या पंख्याजवळ आणि त्याच्या दांड्याजवळ जस्ताचा तुकडा बसवतात. तो झिजत राहतो आणि महागाचे भाग वाचतात. तो बराच झिजला की बदलायचा. तळाला शेवाळ आणि शंखशिंपले चिकटून वेग मरू नये म्हणून वेगळा रंग असतो; त्यासाठी नौका अधूनमधून पाण्याबाहेर काढावीच लागते.

मग डेकवरची फेरी. तिथे एखादी छोटी पिन पडलेली सापडली तर तिला क्षुल्लक समजू नये. ती डोलकाठीवरून निखळलेली असू शकते, आणि एका पिनेपायी अख्खी डोलकाठी आडवी होऊ शकते. दोरांचे दुखणे घासण्याचे. दोर एकाच जागी कप्पीवर दिवसरात्र घासत राहिला तर तिथेच तुटतो, म्हणून तो रोज वीतभर सरकवायचा. विहिरीवरच्या रहाटाचा दोर कुठे विरतो हे ज्याने पाहिलेय त्याला आणखी सांगायला नको. शिडाची शिवण उसवली तर सुई, जाड दोरा आणि तळहाताला चामड्याची पट्टी बांधून तिथल्या तिथे टाके घालायचे.

वीज येते सौर पट्ट्यांतून किंवा डिझेल इंजिन चालवून, आणि साठते बॅटऱ्यांत. सुकाणू सांभाळणारे स्वयंचलित यंत्र यातला मोठा वाटा खाते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र तत्त्वाने आपल्या घरच्या आरओसारखेच, पण मिठामुळे त्याला घरच्या यंत्राच्या साधारण दहापट दाब लागतो. म्हणजे पाणी हवे तर वीज मोजा. कपडे खाऱ्या पाण्यात धुता येतात, पण मीठ हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे शेवटी गोड्या पाण्यातून काढले नाहीत तर ते कधी नीट वाळतच नाहीत. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. नौका कलली तरी कुकर सरळ राहतो.

इतके करूनही मोडायचे ते मोडतेच. ‘तारिणी’ला परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे मॉरिशसला वेळापत्रकात नसलेला थांबा घ्यावा लागला. दुरुस्ती झाली आणि २१ मे २०१८ रोजी ती गोव्यात पोचली. तीच नौका २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना घेऊन पुन्हा निघाली आणि २९ मे २०२५ ला प्रदक्षिणा पुरी करून परतली.

कधी अशा नौकेवर पाय ठेवायची संधी मिळाली, तर शिडांचे फोटो काढण्याआधी केबिनमधली ती फळी उचलून दाखवायला सांगा.