परीकथेतील बेडूक आणि कष्टकरी टियाना

बेडकाचे चुंबन घेताच राजपुत्र प्रकट झाला, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असते. पण ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील पहिल्याच कथेत चुंबन नाहीच! तेथे राजकन्या चिडून बेडकाला भिंतीवर आपटते आणि त्याचा राजपुत्र होतो.

हीच कथा डिस्नेने २००९ साली ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या कार्टूनपटात नव्याने सांगितली. स्थळ अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स, काळ १९२० चे दशक. नायिका टियाना कृष्णवर्णीय. डिस्नेची ही पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. आई श्रीमंत गोऱ्या मुलीचे झगे शिवते. टियाना हॉटेलात वाढपीकाम करून स्वतःच्या खानावळीसाठी पै-पै डब्यात साठवते.

चित्रपटात जुन्या कथांच्या खुणा लपलेल्या आहेत. मुलांना शोधायला सांगा. सुरुवातीच्या गाण्यात सज्जात एक बाई सतरंजी झटकते, ती अल्लादीनची. उत्सवाच्या मिरवणुकीतील एका रथावर जलपरीचा पिता ट्रायटन दिसतो. श्रीमंत मैत्रीण उत्सवाची राजकन्या असते, तीही रात्री बारापर्यंतच. ही सिंड्रेलाची घटका! बाराचे ठोके पडतात आणि तिचे चुंबन वाया जाते.

सर्वांत मोलाची खूण म्हणजे आकाशातील तारा. १९४० च्या ‘पिनोकिओ’त ताऱ्याकडे मागितले की इच्छा पुरी होते. येथे मात्र टियानाचे वडील लेकीला बजावतात, की तारा अर्ध्याच वाटेपर्यंत नेतो, उरलेली वाट कष्टाने चालायची. दैवावर विसंबू नका, ही तर बुद्धांचीच शिकवण!

आणि जन्माचे काय? जागेचा सौदा ठरल्यावर मालक टियानाला सांगतात, दुसऱ्याने जास्त पैसे देऊ केले. शिवाय तुझ्यासारख्या पार्श्वभूमीच्या बाईला हे झेपलेच नसते. ‘पार्श्वभूमी’ या शब्दाची धार आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले, ते दोन्ही समाजांची वेदना सारखी म्हणूनच.

एक उणीव सांगायला हवी. टियाना पडद्यावर बराच काळ बेडकीच्या रूपात राहते आणि माणूस होते ती राजपुत्राशी लग्न झाल्यावरच. जुनी परीकथा पुरती सुटलेली नाही.

तरी शेवटी खानावळ उभी राहते. टियानामागे न्यू ऑर्लिन्सच्या खानावळचालक लिआ चेस (१९२३–२०१९) यांची प्रेरणा आहे. मुलींना चित्रपट दाखवा आणि विचारा, खानावळ ताऱ्याने दिली की हातांनी?