गिअरबॉक्स उतरवण्याआधी

जुन्या पिकअपचा गिअर खर्र वाजला की ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून मोकळे होऊ नका. आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना, विशेषतः रिव्हर्स, अडतात? मग क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लच असेल तर दोन-तीनदा पेडल मारून गिअर पडतो का पाहा. पडला तर लाइनमध्ये हवा असेल किंवा सिलिंडरचं रबर गेलं असेल. क्लचच्या डब्यातलं ऑइल बघा, स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट उचलून आत ओल आहे का तेही बघा. रबराचं किट स्वस्त असतं, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी नाही!

क्लच स्लिप ओळखायची खरी जागा घाट. माल भरलेला, वरचा गिअर, इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, जळका वास येतोय, म्हणजे प्लेट संपत आली. पेडलला फ्री प्ले आहे ना, एवढं मात्र आधी तपासा. नवी प्लेट टाकताना क्रँकचं मागचं ऑइल सील बघितल्याशिवाय गिअरबॉक्स चढवू देऊ नका. तिथून ऑइल गळलं तर नवी प्लेटही घसरते.

आवाजाचं म्हणाल तर न्यूट्रलमध्ये कान द्या. पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. एकच गिअर, समजा दुसरा, खरखरत असेल तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली असते.