स्त्रियांचें बलवर्धन



स्त्रियांनीं वजनें उचलण्याचा व्यायाम करावा कीं नाहीं, हा माझा आजचा विषय आहे. मी वैद्य नव्हे, पहिलवानही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून सारा जन्म प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेला आणि आतां अकोल्यास निवृत्तींत बसलेला एक गृहस्थ आहें. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, त्या बाबतींत मी पुष्कळ काळ चुकीचें बोललों आणि चुकीचें वागलों.

तीन वर्षांपूर्वीं महालक्ष्म्यांच्या दिवशीं आमच्या घरीं सर्व पंगती उठल्यावर माझी पत्नी शेवटीं जेवावयास बसली. जेवण आटोपलें, तों तिला पाटावरून उठतांच येईना. एक हात भुईला आणि दुसरा सुनेच्या खांद्याला देऊन ती कशीबशी उठली, आणि हंसून म्हणाली, “अहो, पुढच्या वर्षीं मला टेबलावरच वाढा बरें!” सगळे हंसले, मीही हंसलों. पुढें दोन महिन्यांनीं ती अंगणांतल्या ओल्या फरशीवर घसरली, पडतांना हात पुढें केला, आणि मनगट मोडलें. एवढ्याशा पडण्यानें हाड मोडावें, याचें डॉक्टरांना मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. तपासणीअंतीं ते म्हणाले, “हाडें विरळ झालीं आहेत आणि मांड्यांत जोर उरलेला नाहीं. हात बरा झाला कीं यांना वजनें उचलावयास लावा.” मला वाटलें, डॉक्टर थट्टा करीत आहेत. जिचें हाड नुकतेंच मोडलें, तिनें वजनें उचलावयाचीं? शिवाय ती रोज पहाटे तासभर फिरावयास जात असे. त्याहून आणखी व्यायाम तो कोणता?

परंतु त्यांचें म्हणणें नीट समजून घेतल्यावर, त्यांत थट्टा नसून साधा हिशेब आहे असें मला दिसून आलें. हाड म्हणजे भिंतींतला दगड नव्हे; तें जिवंत असतें. त्यांत जुना भाग उकरून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग भरणाऱ्याही असतात. हें पाडकाम व बांधकाम जन्मभर चालू राहतें. स्त्रीच्या शरीरांतील इस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव पाडकामाला आवर घालतो. पाळी थांबली कीं तो ओसरतो, पाडकाम बांधकामाच्या पुढें जातें, आणि पहिल्या कांहीं वर्षांत हाडांची झीज झपाट्यानें होते. स्नायूंचेंही बरेंचसें असेंच आहे. तिशीचाळिशीनंतर ते हळूहळू घटूं लागतात आणि साठीनंतर ती घट वेग घेते.

आतां हाड काय किंवा स्नायू काय, दोघांचाही एक स्वभाव आहे. संवयीपेक्षां अधिक भार पडला तर त्या भाराजोगें बळ तीं धरूं लागतात. भार काढून घेतला तर क्षीण होतात. अंतराळांत वजन जाणवत नाहीं. तेथें महिनोन्‌महिने राहणाऱ्या धडधाकट अंतराळवीरांच्या कमरेच्या व पायांच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानें उतरते, असें आढळून आलें आहे. चालण्यानें हृदयाला, फुप्फुसांना आणि मनालाही लाभ होतो, हें मी नाकारीत नाहीं. पण पन्नास वर्षें चालत आलेल्या पायांना चालणें हा नवा भार नव्हे. त्यांतून हाडाला नवा निरोप असा कांहीं पोंचत नाहीं.

हा निरोप उतारवयांत पोंचतो काय, हें पाहणारे दोन प्रयोग सांगतों. १९९० सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथील एका वृद्धाश्रमांत, नव्वदीच्या घरांतल्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनीं वजनें उचलविण्यांत आलीं. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांनीं हा क्रम पुरा केला, त्यांच्या मांड्यांचा जोर सरासरीनें दुपटीहून अधिक झाला. दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँडचा, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला. पाळी थांबलेल्या आणि हाडें विरळ झालेल्या सुमारें शंभर स्त्रियांचे दोन गट केले. एका गटानें आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखालीं चांगलीं जड वजनें उचललीं. दुसऱ्यानें घरीं हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनीं पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्के वाढली, दुसऱ्याची एक टक्क्याहून अधिक घटली. तीन टक्के म्हणजे फार नव्हे, असें कोणी म्हणेल. पण जी वस्तु दर वर्षीं उतरतच जावयाची, ती चढली, हें लक्षांत घ्यावें.

“आमच्या आज्यांनीं कोठें वजनें उचललीं होतीं?” असा प्रश्न येथें हटकून येतो. मी विचारतों, त्यांनीं दुसरें केलें तरी काय होतें? अमरावतीच्या जुन्या वस्तींतल्या आमच्या वाड्यांत माझी आई जात्यावर तूर भरडीत असे, आडाचें पाणी पोहऱ्यानें ओढीत असे, उखळांत मुसळ घालून कांडीत असे, आणि भरलेली घागर कमरेवर घेऊन दोन पायऱ्या चढून येत असे. खांदे, पाठ, कंबर, मांड्या यांतलें कांहींही रिकामें राहत नव्हतें. पुढें चक्की आली, नळ आला, गॅस आला, मिक्सर आला. तें सर्व येऊं लागलें तें योग्यच झालें. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनीं, आणि त्यांत पुरुषच अधिक असतात, पहांटे चार वाजतां पायली दोन पायली दळून पाहावें. आईचा उजवा खांदा चाळिशींतच धरला होता, तो अखेरपर्यंत सुटला नाहीं. कारण कष्ट आणि व्यायाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कष्टाला माप नसतें, उजव्याडाव्याचा विचार नसतो, विश्रांति मिळेल तेव्हां आणि अन्न उरेल तेवढें. व्यायामांत हें सगळें मोजून मिळतें. म्हणूनच आजही आपल्या वऱ्हाडांत ओटी बांधून दिवसभर कापूस वेंचणाऱ्या बाईला वजनें उचलण्याचा उपदेश करण्याचें धाडस मी करणार नाहीं. तिला अगोदर पोटभर अन्न आणि विसावा हवा. माझें बोलणें ज्या घरांतून कष्ट गेले आणि त्यांच्या जागीं कांहींच आलें नाहीं, त्या घरांसाठीं आहे.

खरें म्हणजे व्यायामाच्या बाबतींत अमरावतीनें मागें राहावयाचें कारण नव्हतें. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं येथें लावलेलें रोप म्हणजेच आजचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्याचें पथक १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ दाखवून आलें, ही गोष्ट आमच्या गांवांत पोरापोराला पाठ असे. लहानपणीं वडिलांनीं मला व माझ्या भावाला त्या मैदानाचा रस्ता दाखविला. आम्हां दोघांच्या मधली बहीण घरींच राहिली. तिला कोणी मनाई केली नाहीं. तिचा विचारच कोणाला सुचला नाहीं. आज त्या मंडळाच्या महाविद्यालयांत मुली शारीरिक शिक्षणाची पदवी घेतात, आणि दोराच्या मल्लखांबावर तर महाराष्ट्रभर मुलींचेंच राज्य आहे. पण मी मास्तर झालों तेव्हां मीही वडिलांचाच कित्ता गिरविला. शाळेंत मुलांकडून दंड-बैठका घेत असतां चौथींतल्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. त्यांना एक आठवडा रांगेंत घेतलें, तों एकीची आई दारांत हजर. “पोरीले काय पहिलवान कराचं हाय का, गुर्जी?” तिला समजावून सांगावयाचें सोडून मीं दुसऱ्या दिवसापासून मुलींना रांगोळी काढण्यास बसविलें. त्या आतां पन्नाशीला टेकल्या असतील. आपल्या गुडघ्यांबद्दल त्या काय म्हणत असतील, हा विचार अलीकडे मनांत वारंवार येतो.

त्या माउलीच्या प्रश्नाचें उत्तर मात्र आतां मला देतां येतें. पुरुषांचे स्नायू फुगतात ते मुख्यतः टेस्टोस्टेरॉन या अंतःस्रावाच्या बळावर, आणि स्त्रीच्या रक्तांत तो पुरुषाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. तिचें बळ वाढतें, बांधा आटोपशीर होतो. दंडाच्या बेटकुळ्या अशा सहजासहजीं येत नाहींत. ऑलिंपिकमध्यें पुरुष १८९६ पासून वजनें उचलीत आले. स्त्रियांना ती परवानगी मिळण्यास २००० साल उजाडावें लागलें, आणि त्याच वर्षीं आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीनें ब्राँझपदक आणलें. भारतीय स्त्रीचें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. पुढें २०२१ सालीं टोकियोस रौप्यपदक मिळविणारी मणिपूरची मीराबाई चानू तर उंचीनें पांच फुटांहून कमी आहे.

मग करावयाचें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे कीं, प्रौढांनीं चालणेंफिरणें तर करावेंच, शिवाय आठवड्यांतून निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा. आमच्या घरीं आरंभ खुर्चीनें झाला. हात न टेकतां खुर्चीवरून उठावयाचें आणि सावकाश बसावयाचें. बसतांना घाई करूं नये. उतरणें सावकाश ठेवल्यानेंही बळ येतें. मग भिंतीला हात लावून दंड, तेच पुढें ओट्याला धरून. टांचा उचलून चवड्यांवर उभें राहणें. आणि सर्वांत मोलाचें म्हणजे भुईवरची वस्तु पाठ न वांकवितां, ढुंगण मागें नेऊन, मांड्यांच्या जोरावर उचलणें. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे एक किलो; तीन किलो, पांच किलो हव्या असतील तर किराण्याची पिशवी आहेच. आठदहा वेळां उचलल्यावर शेवटच्या दोन खेपा जड गेल्या पाहिजेत. बारा वेळां सहज जमूं लागलें कीं वजन थोडें वाढवावें. हाच या शास्त्राचा गाभा आहे. तेंच हलकें डंबेल वर्षभर हालवीत राहिल्यानें बळ वाढत नाहीं. दोन खेपांच्या मध्यें एकदोन दिवस जाऊं द्यावे, कारण स्नायू भरतो तो विश्रांतींत.

उचलतांना श्वास कोंडूं नये. जोर लावतांना तो सोडावा. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे, ज्यांचें अंग बाहेर येतें, ज्या गरोदर आहेत, किंवा ज्यांचें हाड पूर्वीं मोडलें आहे, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून आरंभ करूं नये.

अन्नाविषयीं एक गोष्ट बोलणें भाग आहे. २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या. वजनांना हात घालण्यापूर्वीं रक्त तपासून घ्यावें तें यासाठीं. प्रथिनें दिवसाला शरीराच्या दर किलोमागें एक ग्रॅमच्या जवळपास तरी पोटांत जावींत. तुरीचें वरण, झुणका, उसळ, दाणे, दहीं, आणि चालत असेल तर अंडें. यांत महाग असें कांहीं नाहीं. पण सर्वांचें झाल्यावर जेवणारीच्या वांट्याला वरणाचें पाणी येतें, तें बंद झालें पाहिजे. आमच्या घरीं आतां सगळीं एकाच वेळीं बसतात.

माझी सून लग्न होऊन आली तेव्हां तिनें व्यायामशाळेंत जाण्याची परवानगी मागितली होती, आणि “घरांतलें काम काय थोडें आहे?” असें मीं म्हटलें होतें. डॉक्टरांनीं सांगितल्यावर सासूला शिकविलें तें तिनेंच. मला त्या वाक्याची तिनें एकदांही आठवण दिली नाहीं. तिची व्यायामशाळेची वर्गणी आतां मी भरतों. यंदाच्या महालक्ष्म्यांस माझी पत्नी पाटावरून उठली, तेव्हां तिचा एक हात स्वतःच्या गुडघ्यावर होता, भुईवर नव्हता. दर मंगळवारीं आणि शुक्रवारीं सकाळीं ती तुरीच्या डाळीची पांच किलोची पिशवी उचलते. ती पिशवी फोडावयाची नाहीं अशी सक्त ताकीद असल्यामुळें वरणासाठीं मला दुसरी आणावी लागते.